अंगठ्याला लागलेला वारा

मी रुपचंद आबांच्या जुन्या पेट्रोल जीपचं इंजिन बोलतोय. मधले काही महिने मी मुका होतो, आणि खरं सांगू, त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

आबांनी मला हौसेनं खोललं. पिस्टन, व्हॉल्व, नटबोल्ट सगळं खळ्यात गोणपाटावर मांडलं, आणि पंधरवडा होतो न होतो तोच छातीत कळ येऊन ते गेले. माझे भाग गोणीत गेले. गोणीतल्या लोखंडाला कसलं दुःख? त्यांच्या बायकोचं, कमलबाईंचंही तसंच झालं होतं. त्या रडल्या नाहीत. वाढलेलं जेवायच्या, विचारलं तर "हां" म्हणायच्या, आणि ओट्यावर बसून राहायच्या. लोक म्हणायचे, बाई दगड झाली. लोकांना बोलायला काय जातंय.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात आणि सासरची लेक माहेरी आणतात. धुळ्याला दिलेल्या लेकीला, दिपमालाला, आणायला दरवर्षी आबाच मुऱ्हाळी म्हणून जायचे, मला घेऊन. यंदा बापाची पहिली घागर, आणि तिनं फोनवर निक्षून सांगितलं होतं की येईन तर आबांच्या गाडीतूनच, नाहीतर येणार नाही. म्हणून तिचा धाकटा भाऊ प्रेमराज यानं भडगावहून रतिलाल मिस्तरीला आणून मला पुन्हा जोडून घेतलं.

रतिलालचा हात चांगला. पण त्याची उभी हयात डिझेलच्या ट्रॅक्टरांत गेली, आणि डिझेलला ठिणगी लागत नाही. मला लागते, तीही नेमक्या क्षणी. दर ठिणगीमागे माझा पिस्टन दोनदा वर येतो, एकदा पेट्रोलची हवा दाबत आणि एकदा जळका धूर बाहेर ढकलत. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. रतिलालनं नेमकी धुराची वेळ धरली. मग काय, ठिणगी पडायची ती रिकाम्या पोटात. दोघांनी हँडल मारून मारून घाम गाळला. मी एकदा कार्बोरेटरमधून फट् केलं, त्यात मिस्तरीच्या मिशा तेवढ्या होरपळल्या. त्यानं प्लग बदलले, पॉइंट घासले, पेट्रोलला शिव्या घातल्या. आखाजी उद्यावर आली. प्रेमराज म्हणाला, बस्स झालं, ताईला कळवून टाकतो.

तेव्हा कमलबाई ओट्यावरून उठल्या. त्यांनी मिस्तरीला पहिला प्लग काढायला लावला आणि त्या भोकावर अंगठा ठेवला. आबा मला खोलायचे तेव्हा हे काम कमलबाईंचंच असायचं. आबा हँडल फिरवायचे आणि या अंगठा धरायच्या. आता प्रेमराजनं हँडल फिरवलं.

"अक्का, खूण जागावर शे," रतिलाल म्हणाला.

"अंगठाले वारा लागत नही. आखो एक फेरा मार."

पिस्टन पुन्हा वर आला, या वेळी हवा दाबत. अंगठा जोरात उचलला गेला.

"आते लागना," त्या म्हणाल्या, आणि अंगठा पुन्हा तिथेच टेकवून इतक्या मोठ्यानं रडल्या की शेजारच्या बायका धावत आल्या. त्यांना तिथून कोणी हलवलं नाही.

रडणं ओसरल्यावर रतिलालनं प्लग बसवला आणि ठिणगी हवा दाबायच्या वेळी पडावी म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतल्या चारही वायरी समोरासमोर बदलल्या. पहिल्याच हँडलला मी पेटलो.

आता मी धुळ्यात, दिपमालाच्या दारात उभा आहे. पुन्हा चालू होईल न होईल या भीतीनं प्रेमराजनं मला बंद केलेलं नाही. माझा आवाज ऐकून ती अनवाणीच बाहेर धावत आली आणि तिनं आधी स्टेअरिंगकडे पाहिलं. तिथे भाऊ होता. ती थबकली. मग बॉनेटवर दोन्ही हात टेकून, मान खाली घालून ती नुसती ऐकत उभी राहिली.

सासू म्हणतेय, उगाच पेट्रोल जळतंय, बंद कर. प्रेमराजचा हात चावीकडे चाललाय. बाबा रे, थोडं थांब. हा आवाज चालू आहे तोवर तिच्यापुरते आबा आलेले आहेत.