फळ्यावरची लाल रेघ

मित्रांनो, बेकारी भत्ता कार्यालयात खिडकीशेजारी टांगलेला तो काळा फळा म्हणजे मीच. मला आणलं त्या दिवशी एका रंगाऱ्याने जीभ दातांत धरून माझ्या अंगावर आडवी लाल रेघ ओढली.

कारखाने दर महिन्याला प्रत्येक कामगारामागे निधीत वर्गणी भरायचे. निधी किती साठला ते दाखवणारा उभा पट्टा कारकूनबाई दर सोमवारी खडूने माझ्यावर काढायच्या. तो रेघेच्या वर असला, की निम्मे कारखाने बंद पडले तरी वर्षभर भत्ता पुरणार! साहेब पाहुण्यांना मुद्दाम माझ्यासमोर आणायचे. काय रुबाब होता माझा!

मग भरभराट आली. पट्टा चौकटीला टेकला.

"एवढा पैसा नुसता पडून कशाला?" साहेब म्हणाले. "वर्गणी निम्मी करा."

"साहेब, भरायची वर्षं हीच," कारकूनबाई म्हणाल्या. "वाईट दिवसांत कुणाच्या खिशात हात घालणार?"

"बाई, तुम्हाला आपली उगीच काळजी!"

पट्टा उतरत उतरत रेघेखाली गेला. वर्गणी वाढवायची, तर कारखानदार नाराज होणार. साहेबांनी त्याच रंगाऱ्याला बोलावलं. त्याने रेघ खरवडली आणि वीतभर खाली नवी ओढली. झालं, पट्टा पुन्हा वर! साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. मला ओरडावंसं वाटलं, पण फळ्याला कुठलं तोंड?

पुढे रंगारी काच कारखान्यात बाटल्या रंगवायला लागला. यंदा मंदी आली आणि त्या कारखान्यासह कितीतरी कारखाने बंद पडले. दोन महिन्यांत पट्टा तळाला गेला. साहेबांनी घाबरून उरलेल्या कारखान्यांची वर्गणी तिप्पट केली, तर त्यांनीही माणसं कमी केली. रांग जिना उतरून रस्त्यावर गेली.

आज त्या रांगेत रंगारी पहिला होता.

"बाई, शुक्रवारी भाडं दिलं नाही तर खोली सोडावी लागेल. पोरं लहान आहेत हो."

"दादा, निधीच संपलाय."

त्याने माझ्यावरचा खरवडल्याचा ओरखडा बोटाने चाचपला. "ही रेघ मीच खाली आणली होती," तो पुटपुटला. बाईंनी मान खाली घातली आणि माझ्यावर लिहिलं, 'आज वाटप नाही.' मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. दुसऱ्या कुणाच्या अंगावर तरी लिहायचं होतं ते.

तुम्ही मोठे व्हाल, एखाद्या साहेबाच्या खुर्चीत बसाल. तेव्हा सुखाच्या दिवसांत भरा आणि रेघ आहे तिथेच राहू द्या, एवढीच माझी विनवणी आहे.

जिन्यावरून कुणीतरी ओरडून विचारतंय, "काय लिहिलंय हो फळ्यावर?" आणि पुढे उभा आहे म्हणून रंगाऱ्यालाच ते मोठ्याने वाचून दाखवावं लागतंय.