गादीची चाल, बिस्किटाची कबुली

चोरीला गेलेली चाल जिंगलवाल्याला सापडली ती दाताच्या डॉक्टरकडे. तोंड वासलेलं, जिभेखाली कापूस, आणि समोरच्या टीव्हीत एक बाई जाहिरातीतल्या गादीवर अलगद आडवी होत होती. तिच्या पाठीमागे जे वाजत होतं ते ह्याचं होतं. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ह्याचं.

"आँ! आँ!" तो टीव्हीकडे बोट नाचवू लागला.

"दुखणारच," डॉक्टर म्हणाला. "हलू नका."

आता एक गोष्ट सरळच सांगायला हवी. जिंगलवाला काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. वीस वर्षं तो साबण, छत्र्या, चपला आणि बिस्किटांसाठी चाली पाडत होता, आणि ह्या धंद्यात चाली कशा पाडतात हे ज्याला माहीत नाही तोच 'प्रतिभा' वगैरे शब्द तोंडात घोळवतो. गिऱ्हाईक येतं, मोबाइलवर कुणाचं तरी गाजलेलं गाणं लावतं आणि म्हणतं, "अगदी असंच पाहिजे. पण हे नको." अख्खा धंदा ह्या एका वाक्यावर उभा आहे. मग ते गाणं कॉम्प्युटरमध्ये पहिल्या ट्रॅकवर ठेवायचं, खालच्या ट्रॅकवर आपलं वाजवायचं, वर बघत बघत खाली रचायचं, आणि काम झालं की पहिल्या ट्रॅकचं तोंड बंद करायचं. बटण दाबलं की तो करडा पडतो, वाजत नाही. कोंबडं झाकून ठेवल्यासारखं.

पण ही चाल तशी नव्हती. सात वर्षांपूर्वी त्याच्या बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. ती कॉम्प्युटरवर पुस्तकांची मुखपृष्ठं काढते. दिवसभर कॉम्प्युटरला जोडलेल्या चित्रं काढायच्या पाटीवर पेन फिरवायची सवय, आणि आता बारा दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी. ती चिडचिड करून घर डोक्यावर घ्यायला लागली तेव्हा ह्याने कामाच्या खोलीचं दार उघडं टाकलं आणि तिच्यासाठी जुन्या पेटीवर काहीतरी वाजवत बसला. गिऱ्हाईक नाही, 'असंच पाहिजे' नाही. चौथ्या दिवशी एक चाल आली. छोटीशी, हलकेच खाली उतरणारी. बायको म्हणाली, "हे कुणाचंय?" आणि धंद्यात पडल्यापासून पहिल्यांदा तो खरं बोलून "माझं" म्हणाला.

ती चाल त्याने कुणाला विकली नाही. आणि आता तिच्यावर गाद्या खपत होत्या.

जाहिरात कंपनीत फोन करून त्याने विचारलं, संगीत कुणाचं? तिकडची मुलगी हसली. "अहो सर, असं काय करता? तुमच्याच मेहुण्यांचं!"

मेहुणा रविवारी जेवायला यायचाच. चाळिशी उलटलेला, जिंगलवाल्याच्याच धंद्यातला माणूस, पण बहिणीच्या घरी आला की आधी डबे उघडून बघायचा. जिंगलवाल्याने त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि गादीची जाहिरात लावली.

"आवडली ना, दाजी?" मेहुणा खुलला. "दात घासता घासता सुचली. पेस्ट तोंडात तशीच ठेवून रेकॉर्ड केली."

"सुचली? अरे गाढवा, ही मी केलीय. ताईच्या डोळ्यांवर पट्टी होती तेव्हा. तू रोज थेंब टाकायला यायचास!"

"थेंब टाकायला यायचो. कान टाकायला नाही."

"अगं, तू सांग ह्याला!" जिंगलवाला बायकोकडे वळला.

बायकोने पेन खाली ठेवलं नाही. मुखपृष्ठावर ती ढग रंगवत होती. ती भलतीच काटेकोर बाई. एक ढग दुसऱ्याच्या फोटोवरून घेतला तर त्याची परवानगी फायलीत लावून ठेवणारी. "चाल ह्यांचीच आहे," ती भावाला म्हणाली. "विचारून घेतली असतीस तर दिली असती."

"तू बायकोच आहेस त्यांची. तू दुसरं काय म्हणणार?"

"मी तुझी बहीण पण आहे. म्हणून अजून लाटणं उचललं नाही."

मेहुणा काही मानेना. गंमत म्हणजे तो खोटंही बोलत नव्हता. सात वर्षं चाल त्याच्या डोक्यात भाड्याने राहिली आणि शेवटी मालक झाली. असल्या चोराला पकडणं सगळ्यात अवघड, कारण त्याचा चेहरा चोराचा नसतो. जिंगलवाल्याला पैसे नको होते. त्याला एवढंच हवं होतं, की आयुष्यात जी एकच चाल आपल्या पोटची, तिच्यापुढे आपलं नाव लागावं. त्याने संगीतकारांच्या संघटनेकडे लेखी तक्रार ठोकली.

संघटनेचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लांब टेबल, एक पाय हलणारा, त्याखाली जुन्या अहवालाची घडी. टेबलामागे दोघं. एक अध्यक्ष, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत. तरुणपणी त्यांचं एक गाणं गाजलं होतं, बोटीचं गाणं, आणि त्या बोटीत बसून त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. दुसरी वकीलबाई. हिला सुरातलं कळायचं, आणि माणसातलं जास्त.

अध्यक्षांनी सुरुवातीलाच बजावलं, "घरच्यांची साक्ष चालणार नाही. पुरावा काय?"

जिंगलवाल्याने लॅपटॉप आणला होता. "चालीची मूळ फाइल आहे. सात वर्षांपूर्वीची तारीख आहे. एकेक सूर कधी वाजवला तेही दिसतं. घरच्या पेटीची एक पट्टी अडकते, म्हणून एक सूर गाळलाय, तोही कळतो."

"उघडा," वकीलबाई म्हणाली. पडद्यावर फाइल उघडली.

आता ही खोड जिंगलवाल्याची एकट्याची नाही, ह्या धंद्यातल्या प्रत्येक आळशाची आहे. नवं काम नव्या फाइलमध्ये कोण सुरू करतो? वाद्यं निवडा, आवाज जुळवा, अर्धा दिवस जातो. म्हणून मागच्या कामाची फाइल उघडायची, खालचे ट्रॅक पुसायचे आणि नव्या नावाने ठेवून द्यायची. खालचे पुसायचे, हे लक्षात राहतं. वरचा करडा ट्रॅक वाजतच नाही, म्हणून तो आहे हेच विसरायला होतं.

वकीलबाईने तारीख पाहिली, सुरांच्या वेळा पाहिल्या, मान हलवली. चाल वाजली. खोलीतला पंखासुद्धा हळू झाल्यासारखा वाटला. बायको भिंतीजवळच्या खुर्चीत बसली होती. तिने डोळे मिटले.

"दाजी," मेहुणा मान पुढे काढून म्हणाला, "हे सगळ्यात वर करडं काय आहे?"

जिंगलवाल्याने पाहिलं आणि माउस पटकन दुसरीकडे नेला.

"काही नाही. रिकामा ट्रॅक."

"रिकाम्यात इतक्या रेघोट्या?"

"ऐकवा," वकीलबाई म्हणाली.

ऐकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने बटण दाबलं आणि तीन मात्रांच्या डोलात, चाळीस वर्षं जुन्या आवाजात, बोटीचं गाणं सुरू झालं.

अध्यक्षांनी आधी डोळे मिटले, मग उघडले, मग टेबलावर दोन्ही हात ठेवले. "हा मी आहे."

"हो गुरुजी," जिंगलवाला म्हणाला.

"माझं गाणं वर. तुझी चाल खाली."

"तसं नाहीये ते."

"कसं नाहीये? तुम्ही लोक कसं काम करता ते मला माहीत नाही का? वर बघायचं, खाली उतरवायचं. म्हणजे ही चाल माझ्या गाण्यातून आलेली. सरळ आहे." आणि हे म्हणता म्हणता त्यांच्या चेहऱ्यावर अशी टवटवी आली, की जणू बोट चाळीस वर्षांनी दुसऱ्या बंदराला लागली. "तरीच मघाशी ऐकताना वाटत होतं, हे ओळखीचं आहे. काय गोडवा आहे!"

मेहुण्याला वारा कुठून वाहतो ते नेमकं कळायचं. तो उभाच राहिला. "गुरुजी, मला ठाऊक नव्हतं. आता कळलंय तर इथेच सगळ्यांसमोर तुमची परवानगी मागतो. गादीसाठी."

"दिली," अध्यक्ष म्हणाले.

"अरे!" बायको भिंतीजवळून ओरडली. "घरच्या माणसाला विचारताना जीभ झडली होती का?"

"घरच्यांची साक्ष चालत नाही, ताई."

एका चोराकडून चाल सुटली आणि दोन मिनिटांत दुसऱ्याच्या खिशात गेली, तीही टाळ्या घेत. जिंगलवाला गप्प बसला असता तर इज्जत शाबूत राहिली असती. त्या करड्या ट्रॅकबद्दल कुणी आणखी काही विचारणार नव्हतं. जो तो खूश होता. फक्त चाल त्याची राहणार नव्हती.

"थांबा," तो म्हणाला. "गुरुजी, तुमच्या गाण्यावरून मी चोरी केलीय. पण ही चाल ती चोरी नव्हे. ती चोरी वेगळी आहे. दाखवतो."

"अहो!" बायको.

"असू दे." त्याने त्या चालीच्या आदल्या आठवड्यातली, सात वर्षांपूर्वीचीच, दुसरी फाइल उघडली. "ही बिस्किटाची. सात वर्षं वाजतेय, तुम्ही सगळ्यांनी ऐकलीय. हिच्यावरूनच पुढची फाइल बनवली, म्हणून तुमचं गाणं तिच्यात राहून गेलं. आता बघा चोरी कशी करतात. बोटीचं गाणं चार सूर चढतं आणि पाचव्यावर विसावतं. बरोबर? मी तिसरा सूर अर्धं घर खाली ओढला. विसावा एक घर वर नेला. ताल तीनाचा होता, चाराचा केला, म्हणजे बोट डुलायची बंद झाली आणि पोरं पळायला लागली. झालं बिस्किट." त्याने दोन्ही चाली लागोपाठ वाजवल्या. लपवायला काही उरलं नव्हतं. "चोराचा हात कुठे पडतो ते मला माहीत आहे, कारण हात माझाच आहे. आता त्या दुसऱ्या चालीत तो हात शोधून दाखवा. ती चढतच नाही. पहिल्यापासून उतरते. तिच्यात बोटीचा एक सूर, एक मात्रा सापडली तर मी आत्ताच्या आत्ता तक्रार फाडतो."

वकीलबाईने चष्मा लावला. तिने एकेक ओळ तीन तीनदा वाजवून घेतली, कागदावर सूर लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. अध्यक्ष मध्ये मध्ये "तिथे बघा, तिथे" म्हणत होते. तिथेही काही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "ही वेगळी आहे. बिस्किट मात्र उघडउघड तुमचं गाणं आहे, गुरुजी." मग ओठ चावून म्हणाली, "गेल्या वार्षिक सभेत तुम्ही ह्याच बिस्किटाचं कौतुक केलं होतंत. 'आजकालच्या कचऱ्यात एवढी एकच चाल, हिच्यात आमच्या काळची गोडी आहे.' कार्यवृत्तात आहे."

मेहुण्याला हसू आवरेना. त्याने ते खोकल्यात घातलं.

"तू हसू नकोस," वकीलबाई त्याच्याकडे वळली. "दात घासताना सुचली म्हणालास. चालीत जिथे ह्यांच्या घरच्या पेटीची एक पट्टी अडकते, म्हणून ह्यांनी तो सूर गाळलाय, तिथे तूही गाळलायस. तुझी पण पट्टी अडकते का? दातात?"

मेहुण्याने ती ओळ गुणगुणून पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरून सात वर्षं मागे गेल्याचं दिसलं. औषधाची बाटली, उघडं दार, आतून येणारी पेटी. "च्यायला," तो हळूच म्हणाला. "ताई, खरंच गं."

ठराव दोन झाले आणि एकाच कागदावर आले. एक, गादीची चाल जिंगलवाल्याची. नाव लावा, नाहीतर चाल काढा. दोन, बिस्किटाच्या चालीबद्दल सदस्याने स्वतः कबुली दिल्याने त्याचं सदस्यत्व एक वर्ष बंद, आणि तिथे अध्यक्षांचं नाव. जिंगलवाल्याने दोन्हींखाली एकच सही केली. बायकोने तो कागद हातात घेऊन पहिला ठराव दोनदा वाचला, दुसऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि भावाचा कान धरून त्याला गाडी काढायला खाली नेलं.

जिंगलवाला जिना उतरत होता तेव्हा वरून काठीचा आवाज आला. अध्यक्ष घाईघाईने, म्हणजे त्यांच्या घाईने, उतरत होते.

"अरे, थांब जरा." दुसऱ्या मजल्यावर त्यांनी कठडा धरून दम खाल्ला. वर कुणी नाही ना ते पाहिलं. "तो तिसरा सूर. अर्धं घर खाली ओढलास तो."

"चुकलं, गुरुजी. लेखी माफी मागणारच आहे."

"माफीचं राहू दे. तो तिथे बसतो रे चांगला. चाळीस वर्षं गातोय, मला तिथे काहीतरी खुपायचं, पण काय ते कळत नव्हतं." त्यांनी घसा साफ केला आणि जिन्यातच, अगदी हलक्या आवाजात, बोटीची पहिली ओळ गायली, तिसरा सूर खाली ओढून. गाणं एकदम तरुण झालं. "पुढच्या महिन्यात माझा कार्यक्रम आहे. असं गायलो तर तुझी काही हरकत?"

जिंगलवाल्याला आतून उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा त्याने वकीलबाईसारखा ठेवला.

"अर्ज करा, गुरुजी. संघटनेकडे नको, मी वर्षभर तिथे नाही. घरच्या पत्त्यावर."

"करतो."

"आणि अर्जात बोटीचं मूळ गाणं तुम्हाला कुठून सुचलं, तेही लिहा. खरं खरं."

अध्यक्षांनी वर कुणी नाही ना ते पुन्हा एकदा पाहिलं.

"तेवढं सोडून," ते म्हणाले, "बाकी सगळं लिहितो."