वाळूवरचा नारळ

बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात मिरजगावाजवळच्या वस्तीनं सीनेच्या कोरड्या पात्रात विहीर खणायला घेतली. पाणी खाली होतं, पण वाळू ऐकेल तर ना! जरा खणावं की काठ ढासळायचा. चैत्रात तर खणता खणता वस्तीतला गहिनीनाथ छातीपर्यंत गाडला गेला. लोकांनी त्याला ओढून काढलं. त्याची बायको चांगुणा मात्र धसका घेऊन बसली.

मग रशीद गवंड्यानं युक्ती काढली. विहिरीच्या जागेभोवती लोखंडी नळ्या ठोकून त्यानं चुन्यात विटांची पूड कालवलेलं पातळ पाणी वाळूत जिरवलं. ते कणाकणांत शिरून घट्ट होईल, वाळूचीच गोल भिंत बनेल आणि मधली वाळू बिनघोर उपसता येईल, असं त्याचं म्हणणं. ते पक्कं व्हायला महिनाभर वर ओल राखायची होती. प्यायला थेंब नाही आणि हे बाबा वाळूला पाणी पाजतात! चांगुणेनं हंडे वाहिले, पण प्रत्येक हंड्याला मिस्तरीचा उद्धार केला.

पुन्हा खणायचा दिवस आला. काम धरण्याआधी नारळ फोडायची रीत. वाळूवर तो फुटत नाही, म्हणून गहिनीनाथानं दरडीवरून दगड आणून मांडला. तोच चांगुणेनं नारळ हिसकावला.

"दगडावर न्हाई. मिस्तरींच्या भिंतीवर फोडीन. फुटला तर उतरा, न्हाई तर घरी चला."

"आगं, चारचौघांत काय ह्ये?" गहिनीनाथ ओशाळला.

लोक हसले. रशीद हसला नाही. भिंत जमली की नाही, हे खणल्याशिवाय त्याला तरी कुठं ठाऊक होतं!

"वहिनींचं बराबर हाय," तो म्हणाला.

चांगुणेनं सगळा जीव एकवटून नारळ आपटला. धप्प आवाज झाला आणि नारळ घरंगळत गेला. साधी चीरसुद्धा नाही. तिनं नवऱ्याचा दंड धरला.

"थांबा, वहिनी. वरवर भुसभुशीत राहिलंय." रशीद गुडघ्यांवर बसला आणि हातांनी वाळू सारू लागला. वीतभर खाली त्याची नखं खरखरली. "आता हितं मारा."

फाडकन नारळाची दोन शकलं झाली. पाणी भिंतीवर सांडलं आणि एका खळग्यात तसंच साचून राहिलं. घागरीच्या घागरी गिळणारी ती वाळू आज पीत नव्हती. चांगुणेनं त्यात बोट बुडवून पाहिलं आणि तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं. महिनाभर छातीवर बसलेला धोंडा उतरला होता.

"उतरा आता," डोळे पुसत ती म्हणाली.

गहिनीनाथ कुदळ घेऊन मधल्या वाळूत उतरला. चांगुणेनं खोबरं सगळ्यांना वाटलं आणि एक तुकडा पदराच्या गाठीत बांधला.

"त्यो कुणाला?" रशीदनं विचारलं.

"कारभाऱ्यांना. वर आलं की भूक लागंल त्यास्नी."