पटकन न मिटणारी यादी

मला ना वजन, ना आवाज. मित्रांनो, मी रुग्णालयाच्या संगणकातली एक जुनी यादी आहे. एरवी नुसती अरुंद चौकट दिसते; टोकाच्या बाणावर टिचकी मारली की मी खाली उलगडते. रुग्णाला जी औषधे सोसत नाहीत, त्यांच्या नावांपुढच्या रिकाम्या चौकोनात खूण करायची. एक करा, चार करा, मला चालते.

माझ्याआधीच्या यादीत एकच नाव निवडता येई आणि निवडताच ती मिटे. मला घडवणाऱ्या ताईने तीन आठवडे खपून मला उघडे राहायला शिकवले.

माझ्या पहिल्याच दिवशी एक आजी लेकीसोबत आल्या. तासाभराने त्यांच्या पायाची शस्त्रक्रिया होती. लेकीने एका औषधाचे नाव सांगितले. मोठ्या सिस्टरांनी खूण केली आणि जुन्या सवयीने मी मिटायची वाट पाहिली. मी मिटेना. त्यांनी त्याच नावावर पुन्हा टिचकी मारली, तर खूणच पुसली गेली. असे तीनदा झाले.

“जेवण झालं तरी न हलणाऱ्या पाहुण्यासारखी आहे ही,” त्या वैतागून म्हणाल्या.

संगणक विभागातले काका आले. बघून हसले. “अहो सिस्टर, ती बिघडलेली नाही. ती विचारतेय, आणखी काही?”

सिस्टरांनी तोच प्रश्न केला, पण या वेळी थेट आजींना. लेकीच्या जन्माच्या वेळी एक सुई टोचली होती, तेव्हा श्वास कोंडून जीव जाता जाता राहिला होता, असे आजींनी सांगितले. लेक आईकडे वळली.

“आई, हे कधी बोलली नाहीस.”

“कुणी विचारलंच नाही गं.”

औषधाचे नाव मात्र आठवेना. सिस्टरांनी माझी एकेक ओळ वाचून दाखवली. एकतिसाव्या नावाला आजींनी हात वर केला आणि सिस्टरांनी तिथे खूण केली. आत, शस्त्रक्रियेच्या तबकात, तेच औषध काढून ठेवले होते. ते लगेच बदलले गेले.

मी थक्क झाले. चार रेघांची मी, आणि माझ्या एका रिकाम्या चौकोनात एक आई मावली होती!

आता मी जुनी झाले. नवी औषधे येतात, त्यांची नावे माझ्यात भरायचे राहून जाते. तेवढे कोणीतरी वेळच्या वेळी करावे, एवढीच विनंती. आणि मित्रांनो, कोणी आपले दुखणे सांगू लागले, तर पहिल्या उत्तरावर मिटून जाऊ नका. थोडे उघडे राहा.