शेनबाईंच्या वहीतल्या फुल्या

अठ्ठ्याण्णवच्या गणपतीसाठी आखातात, करामा वस्तीतल्या आमच्या मराठी मंडळींनी नाटक बसवायला घेतलं आणि तालमी आमच्याच हॉलमध्ये सुरू झाल्या. दिग्दर्शन माझ्या सुनेचं, मैथिलीचं. सरकारी परवानगीचं पत्र अजून आलं नव्हतं. रोज संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं घरात जमतात असं कुणी पोलिसांत कळवलं असतं, तर माझ्या मुलाची, सुजीतची, नोकरी आणि व्हिसा दोन्ही खलास. म्हणूनच समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी म्हातारीकडे माझं लक्ष गेलं.

त्या शेनबाई. त्यांची मुलगी मेइ पडदे शिवायची. तालीम सुरू झाली की शेनबाई आमच्या उघड्या दारात स्टूल टाकून बसत. मराठीचा एक शब्द कळत नव्हता, तरी मांडीवर वही आणि हातात पेन्सिल. नटांकडे कमी बघायच्या, बघायला आलेल्या आम्हा बायकांकडे जास्त, आणि मध्येच काहीतरी टिपून घ्यायच्या.

नाटकात बसून टिपणारा माणूस मी एकदाच पाहिला होता. त्रेचाळीस साली साताऱ्याकडच्या आमच्या गावात कलापथक आलं होतं. माझा भाऊ दौलत त्यात मामलेदार झाला होता. सरकारची टवाळी ऐकून गाव हसत होतं आणि एक परका माणूस कंदिलाशी बसून लिहीत होता. सकाळी पोलीस दार ठोठावत हजर. दादा आठ महिन्यांनी सुटला, पण त्यानं पुन्हा तोंडाला रंग लावला नाही.

“आई, तुला जिथंतिथं पोलीसच दिसतात,” सुजीत म्हणाला.

“हसा. दादाही हसलाच होता.”

वॉचमन नूरुद्दीनला विचारलं. तो म्हणाला, “अम्मा, बुढिया रोज सुबह नीचे से फोन करती है. क्या बोलती है, अल्ला जाने.”

झालं. तेव्हापासून मी त्या वहीवर नजर ठेवली.

चौथ्या दिवशी खोकल्याची उबळ आली म्हणून शेनबाई घरात गेल्या. वही स्टुलावरच राहिली. मी ती पदराखाली घालून स्वयंपाकघरात आणली. पानभर गोल, ठिपके, फुल्या. मधूनच एखादी चिनी ओळ. आणखी काय पुरावा हवा? वही पिठाच्या डब्यात खुपसली आणि मैथिलीला सांगितलं, “उद्यापासून दार बंद.”

दुसऱ्या दिवशी ऐन तालमीत बेल वाजली. मेइ आणि तिच्यामागे शेनबाई.

“अम्मा, मेरी माँ का कॉपी देखा?”

“पहले बोलो, क्या लिखती है? किसको देती है?” माझा आवाज चढला. नट जागच्या जागी थांबले.

शेनबाई मेइच्या मागून पुढं आल्या. मग बोलायला लागल्या, आणि मेइ आपल्या बाजारातल्या हिंदीत सांगत गेली.

जपानी फौजा त्यांच्या मुलखात शिरल्या तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. शाळा जळाली. मास्तरांनी उरलेल्या मुलांचं नाटक पथक केलं. गावोगाव पायी जायचं. घरांची दारं काढून बाकांवर टाकली की रंगमंच तयार. धान्य कुठं लपवावं, शत्रूला वाट का दाखवू नये, ते नाटकातून सांगायचं, कारण वाचता येणारे थोडेच. शेनबाईंचा आवाज फाटका, म्हणून मास्तरांनी त्यांना लोकांत बसवलं. लोक हसले की गोल, रडले की ठिपका, कुणी उठून गेलं की फुली. फुली पडली की मास्तर तेवढा भाग बदलत. एका गावात विधवेच्या प्रवेशालाच बायका उठून गेल्या. नटीनं डोक्याला बांधलेलं कापड त्या भागातल्या सुतकाच्या रीतीचं नव्हतं. कापड बदललं आणि पुढच्या गावात बायका बसून रडल्या.

“माँ मराठी नहीं समझती,” मेइ म्हणाली. “आदमी समझती है.”

नटांनी माना डोलावल्या. मला मात्र पटलं नव्हतं. गोष्टी काय, कुणीही सांगतं.

“और सुबह का फोन?”

“मेरा भाई. उसको आपका नाटक बताती है.”

मैथिलीनं हात पुढं केला. “आई, वही.”

मी डब्यातून काढून दिली. मैथिलीनं पीठ झटकलं आणि पानं उलटली. “दुसऱ्या अंकात रोज एकच फुली? कोण उठतं तिथं?”

मेइनं फुलीखालची ओळ वाचली. “खिडकी के पास वाली अम्मा. दरवाजे पे ठकठक होता है, तब.”

दुसऱ्या अंकात एक विनोदी हवालदार दार ठोठावत येतो. तेवढ्यात खिडकीशी बसलेली मी पाणी प्यायला आत जायची. मला स्वतःला ते उमगलं नव्हतं, आणि घरातल्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

“काढू का तो प्रवेश?” मैथिलीनं हळूच विचारलं.

“नको. त्याला फक्त ठोठावू देऊ नकोस. तसाच आत येऊ दे.”

दार पुन्हा उघडं राहू लागलं. परवानगीचं पत्र यायला आणखी आठ दिवस लागले. तोवर मी माझी खुर्ची शेनबाईंच्या स्टुलाला लावून घेतली. माणूस खरा असला, तरी जवळून बघितलेला बरा. हवालदार आला तेव्हा मी अर्धी उठलेच होते. शेनबाईंनी पेन्सिल कागदावर टेकवली आणि माझ्याकडे बघत थांबल्या.

मी खाली बसले.