बायको म्हणाली की

माझ्या नवऱ्याला इंग्रजीचं वेड लागलं तेव्हाच मला वाटलं होतं की हे प्रकरण सरळ नाही. आष्टीच्या तहसील कचेरीत कारकून, उर्दूवर चांगला हात, पगार वेळच्या वेळी. निजामाच्या राज्यात इंग्रजी शिकून करायचंय काय? पण पलीकडे इंग्रजी मुलखात, नगरला, एका कापसाच्या पेढीवर जागा मिळेल असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. मग रोज संध्याकाळी मुनव्वरमास्तर आमच्या ओट्यावर येऊन बसू लागले. मास्तर पूर्वी सिकंदराबादेत एका गोऱ्या साहेबाचे मुन्शी होते.

आधी अक्षरं झाली, मग शब्द. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. संक्रांतीनंतर मास्तरांनी नवा धडा काढला, दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून कसं सांगायचं त्याचा. मी दाराआड तूर निवडत ऐकत होते.

"राधाकिशन म्हणाला, मी उद्या इथं येतो," मास्तर सांगत होते. "आता हे आपण सांगायचं तर कसं? राधाकिशन म्हणाला की तो दुसऱ्या दिवशी तिथं येईल. 'मी'चा 'तो' झाला, 'उद्या'चा 'दुसरा दिवस' झाला, 'इथं'चं 'तिथं' झालं. क्रियापद एक पाऊल मागं सरकलं. समजलं का, बद्रीनाथ? आता घरात, गल्लीत जे कानावर पडंल, त्यातली दहा वाक्यं रोज लिहून आणायची."

कोण, कधी, कुठं, काय बोललं हे लिहून ठेवणाऱ्या माणसाला आमच्याकडे एकच नाव होतं, खबऱ्या.

दुसऱ्या दिवसापासून वही निघाली. मी चुलीपुढे काही पुटपुटले की यांचा टाक चालू. शेजारची सुंदरबाई ताक मागायला आली, तिचंही लिहिलं. ती बिचारी तांब्या तसाच टाकून निघाली.

"कावून लिहितेत गं तुजे मालक?" तिनं मला विहिरीवर विचारलं.

"मला काय ठाव? इंग्रजीत हाय समदं. जपून बोलत जा बाई."

एवढंच बोलले मी. पण ते गल्लीभर झालं. आमच्या दारात येणारी माणसं नुसतं पीकपाणी बरंय म्हणायची आणि काढता पाय घ्यायची.

त्यात शहादेवदादा आला. माझा थोरला भाऊ, तिकडे तेलगावकडचा. जहागीरदाराच्या शिपायानं त्याला वेठीला धरलं, पाठीत काठी घातली, तर यानं तीच काठी हिसकून शिपायाचा हात मोडला. पोलीस मागावर होते. बाजारच्या दिवशी भर दुपारी, गल्ली रिकामी असताना, तो परसातून आत शिरला. चालून चालून पायाला फोड आले होते. दोन दिवस पाय टेकवून इंग्रजी हद्दीत निघून जायचं, एवढंच त्याला हवं होतं. मी त्याला गोठ्यामागं कडब्याच्या गंजीत बसवलं.

नवऱ्याला सांगावं का? सरकारची भाकरी खाणारा माणूस, त्यात हातात ती वही. मी नाही सांगितलं. आणि त्याच संध्याकाळी यांनी विचारलं, "शहादेव आलता का गं हिकडं?"

"न्हाई. दिवाळीपासून त्यो आलाच न्हाई," मी म्हणाले.

यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, वही ओढली आणि लिहिलं. हा माणूस माझ्या भावाला विकणार, याची मला खात्रीच पटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याचा अंमलदार, पोलीस अमीन, आला, बरोबर एक जवान. मी गोठ्याच्या तोंडाशी शेणाची पाटी घेऊन उभी राहिले.

"क्या मुन्शी, गावभर बोंब हाय, तू लोकांचं बोलणं इंग्रजीत लिहितोस म्हणं. कुणाला धाडतोस? पलीकडच्या अखबारवाल्यांना?"

म्हणजे ही पीडा माझ्याच तोंडानं दारात आली होती. यांनी वही काढून पुढ्यात धरली. अमीनाला इंग्रजी येत नव्हतं. "वाच," तो म्हणाला.

हे मराठीत उलगडून वाचू लागले. सुंदरबाई म्हणाली की तिची म्हैस आटली होती. पेरूवाला चाँद म्हणाला की पेरू महाग झाले होते. अमीन जांभई देऊ लागला. मग एकदम म्हणाला, "तेलगावचा शहादेव तुजा मेव्हणा न्हवं? त्याचं काय लिहिलंस?"

यांनी पान उलटलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. "बाजारच्या दिवशी बायको म्हणाली की तिचा भाऊ दिवाळीपासून आला नव्हता."

"खरं हाय का हे?"

"ती म्हणाली ते लिहिलंय, साहेब. हितं तारीख हाय. मास्तरांनी तपासून सही केलीय."

कुणी विचारायच्या आधीच दोन दिवसांमागं लिहिलेलं, त्यावर मुनव्वरमास्तरांची सही. अमीनाला ते पटलं. जवान गोठ्याकडे निघाला होता, त्याला त्यानं परत बोलावलं. वही मात्र काखेत मारली. "नोकरी ठेवायची असंल तर हे इंग्रजी बंद," असं बजावून तो गेला.

हे ओट्यावरून उठले. "चार भाकरी बांध," म्हणाले. "दादाला म्हणावं, वढ्यानं उतरून कडा गावाच्या वाटंनं हद्दीकडं लाग. अमीन कचेरीत पोचायच्या आत."

मी शेणाची पाटी खाली टेकवली. "तुमाला ठाव हुतं?"

"त्याच दिवशी. दोन माणसांचं घर, आन तू सहा भाकरी थापल्यास."

"मग मला सरळ बोलला का न्हाईत?" मला रडूच फुटलं.

"इचारलं की तुला," ते म्हणाले. "तू काय म्हणालीस, ते अमीनानं वाचून दाखवायला लावलंच."

दादा सुखरूप पलीकडे पोहोचला. नगरची जागा गेली ती गेलीच, मास्तरांचं येणंही थांबलं. त्याबद्दल हे मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण त्यानंतर बारा वर्षं आम्ही एका घरात राहिलो आणि माझ्या माहेरचं त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही.