सामाईक घरं

एका हिशोबाने सुचिताला अभ्यासाला मिळणार होते दोन दिवस. भावाच्या लग्नाच्या पत्रिका वाटायचं काम घरात स्कूटी चालवणाऱ्या एकमेव माणसावर, म्हणजे तिच्यावरच, येऊन पडलं होतं. आणि सोमवारी बीसीएचा राहिलेला गणिताचा पेपर. तो सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. ग्राफचा अख्खा धडा अजून कोरा.

तोडगा तिला संचांच्या धड्यात सापडला. जे दोन्ही संचांत आहे, ते एकदाच मोजायचं! नवरी जवळच्याच धाड गावची, म्हणजे कितीतरी पाव्हणे दोन्हीकडचे. तिने होणाऱ्या वहिनीशी फोनवर नावं ताडून पाहिली आणि सामाईक सत्तावीस घरं नवरीकडच्यांच्या गळ्यात मारली. बाकीची उरकली नि पुस्तक घेऊन बसली.

तिसऱ्या पानावर सोजराआत्याचा फोन आला. वामनरावांनी तो कानापासून वीतभर लांब धरून ऐकला आणि लेकीच्या हातात दिला.

"काऊन वं, भाऊ जिता असून मले आवतन नाही?"

"आत्या, धाडहून पत्रिका आली ना तुम्हाले?"

"ते त नवरीच्या मामीले आली. नवरदेवाच्या आत्याची कुठी हाय?"

"पण माणूस एकच ना! तुम्ही काय दोनदा जेवणार?"

"जेवाले कोण येते वं? अहेर मी दोन्हीकडं करते. तो घेताना नाही एकदाच मोजत तुम्ही!"

पुस्तकातले आकडे कुणाला अहेर करत नाहीत.

"सत्तावीसही घरी जा," वामनराव म्हणाले. "कुंकू लाव, पाया पड, अन् चूक माही म्हण."

"बाबा, चूक नाही, तो नियमच हाय!"

"मंग नियमाले बसव स्कूटीवर."

गेली. घरोघरी चहा, घरोघरी टोमणा. शेषरावकाकांनी तर नियम तिच्याकडून दोनदा नीट समजून घेतला, "बरोबर हाय बुवा" म्हणाले, आणि मग रुसले. त्यांची समजूत काढता काढता रविवार मावळला.

सोमवारी निम्मा पेपर ग्राफवर होता.

लग्न झोकात झालं. आत्याला मानाची साडी मिळाली, शेषरावांना फेटा, नवरीकडच्यांना पत्रिका वेळेत वाटल्याची शाबासकी. साडी-फेटा वामनरावांच्या खिशातून गेला. वर्ष गेलं सुचिताचं.